संगणक-कार्डाच्या पुस्तिकेतील एका अक्षराची चूक
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



संगणकात जादा बसवायच्या कार्डाबरोबर माहितीपुस्तिका येते. तिच्यातील छापील चुका सुधारणे हे किरकोळ कारकुनी काम समजले जाते. आम्ही तसे मानत नाही.

टपालातील बांधवांना सांगायला नको की ४००००१ म्हणजे मुंबई जीपीओ आणि ४४०००१ म्हणजे नागपूर जीपीओ. फरक एका आकड्याचा. पण दोन्ही पिन खरे, म्हणून चूक नजरेला टोचत नाही. पत्र मात्र भलतीकडे जाते. कार्डाचेही तसेच. जुन्या पीसीत पहिल्या सिरियल पोर्टचा पत्ता ३एफ८ असे, तिसऱ्याचा ३ई८. पुस्तिकेत 'एफ'ऐवजी 'ई' छापला गेला की जम्पर चुकीचा बसे आणि मोडेम गप्प राही. शब्द तपासणाऱ्या प्रोग्रॅमला ही चूक सापडत नाही. कार्ड हाताळणाऱ्यालाच सापडते. आजची कार्डे पत्ता आपोआप घेतात, पण कोणती केबल कुठे लावायची हे अजून पुस्तिकाच सांगते. ती चुकली, तर ठपका येतो खिडकीवरच्या कामगारावर!

म्हणून चुकांची वर्गवारी करावी. साध्या शब्दाची चूक लगेच सुधारावी. आकडा वा खूण चुकली असेल, तर प्रत्यक्ष कार्डाशी ताडून पाहावे. स्टेशन मास्तर प्रायव्हेट नंबरची खात्री करून घेतात, तशी दोघांनी मिळून खात्री करावी. प्रोग्रॅम ज्या नावाने काम करतो ते नाव चुकीचे दिसले तरी परस्पर बदलू नये. १९९६ च्या एचटीटीपी दस्तऐवजात 'रेफरर' या इंग्रजी शब्दातला एक 'आर' गळालेला आहे. प्रोग्रॅम त्याच स्पेलिंगवर चालत आल्याने ते आजही तसेच आहे.

लिनक्सच्या दस्तऐवजात कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. ती एका अक्षराची असली तरी स्वीकारल्यावर सुधारणाऱ्याचे नाव नोंदले जाते. आपल्याकडे मात्र समासात पेन्सिलीने केलेली दुरुस्ती त्याच टेबलावर राहते आणि शेजारच्या कचेरीत तोच घोळ पुन्हा होतो.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती-वही हवी: आवृत्ती, पान, ओळ, छापील मजकूर, दुरुस्त मजकूर आणि दोघांच्या सह्या. हे काम ड्युटीच्या तासांत धरावे आणि दुरुस्ती कार्ड बनवणाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी. चूक कागदाची होती हे दाखवायला कामगाराच्या हातीही कागदच हवा.