औषधाची मच्छरदाणी आणि न मरणारा डास

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली सोसतो. भामरागड, एटापल्लीच्या जंगलपट्ट्यातल्या गावांत म्हणूनच आरोग्य विभाग औषधभारित मच्छरदाण्या वाटतो. त्यांच्या धाग्यांत डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं. हिवताप पसरवणारी अ‍ॅनोफिलीस मादी मुख्यतः रात्री चावते. ती जाळीवर बसली, की पायांवाटे औषध तिच्या अंगात भिनतं.

पण एकाच गटाचं औषध वर्षानुवर्षं वापरलं, की ते पचवणारे डास उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. डीडीटीच्या बाबतीत हेच झालं. म्हणून आता डासाची ही पचवण्याची ताकद मोडणारा पीबीओ घटक जाळीत मिसळतात. क्लोरफेनापायर हे दुसरं औषध असलेल्या जाळ्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली.

मच्छरदाणी साध्या साबणाने, गार पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि सावलीतच वाळवा. कडा अंथरुणाखाली खोचा, भोक दिसताच शिवून टाका. औषधाचा जोर ओसरला, तरी धड जाळी डासाला अडवतेच.

आपल्या कोल्हापुरात ऊसतोडणीला येणारी कुटुंबं शिवारातल्या कोप्यांत झोपतात. तिथल्या लेकरांनाही मच्छरदाणी मिळायला हवी; साखर कारखान्यांनी आणि ग्रामपंचायतींनी हे मनावर घ्यावं. आणि थंडी वाजून ताप आला, तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.