सम तारखेची पाळी



कामगार संघटनेतल्या माणसाने डोंगरातल्या सायकलींवर काय बोलावे, असे पत्रिका पाहून काहींना वाटले असेल. पण ज्या वाटेची हकीकत मी सांगणार आहे तिथला तंटा पाळीचा आहे, आणि पाळी हा आमचा रोजचाच विषय.

अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर टाहो नावाचे सरोवर आहे. लांबी सुमारे 22 मैल, रुंदी 12. भोवतालच्या डोंगरधारेवरून एक पाऊलवाट त्याला पुरी प्रदक्षिणा घालते. ती 165 मैलांहून अधिक भरते. 1981 साली तिच्यासाठी संस्था निघाली, 2001 साली वर्तुळ पुरे झाले. वाट खणली ती मुख्यतः स्वयंसेवकांनी. पायी चालणाऱ्याला ती सगळी मोकळी आहे. सायकलस्वाराला मात्र तुकड्यातुकड्यांनीच मिळते, कारण 1964 च्या कायद्याने राखलेल्या रानात चाक न्यायला बंदी आहे.

या वाटेवर टाहो मेडोज या कुरणापासून टनेल क्रीक रस्त्यापर्यंत सुमारे 9 मैलांचा एक भाग आहे. तिथे नियम असा की, सायकल फक्त सम तारखेला. पायी चालणाऱ्याने केव्हाही यावे. शिवाय समोर माणूस आला तर सायकलीने थांबून त्याला वाट द्यायची, आणि घोडा आला तर दोघांनीही.

आता हिशेब करा. वाट अरुंद, एका बाजूला उतार. चालणारा ताशी 3 मैल चालतो, उतारावरची सायकल सहज 15 मैलांनी येते. वळणापलीकडचे 50 फूट दिसत असतील तर दोघे समोरासमोर यायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात शिष्टाचार कोण आठवणार!

सायकलस्वार म्हणेल, ही वाटणी सारखी नाही. खरेच नाही. साध्या वर्षात सम तारखा 179 आणि विषम 186. 31 तारखेला लागून 1 तारीख येते, म्हणजे सलग दोन दिवस सायकल बंद. वर चालणारा सम तारखेलाही येतोच. त्याचा एकही दिवस जात नाही. तरीही मी या नियमाच्या बाजूचा आहे. कारखान्यात जाळी बसवायची ती यंत्राला, कामगाराच्या हाताला नव्हे. ज्याच्यामुळे धोका उत्पन्न होतो, अडचण त्याने सोसावी.

मात्र एक शंका मला पडली होती. ज्याला आठवड्यात एकच सुट्टी, त्या सायकलवाल्याचे काय? कॅलेंडर घेऊन बसलो तेव्हा या नियमातली गंमत कळली. वार ठरवून दिले असते, तर रविवार कुणाचा यावरून डोकी फुटली असती. आणि आमचा अनुभव असा की रविवार नेहमी बळकटाच्या वाट्याला जातो. तारखेचे तसे नाही. सात हा आकडा विषम, त्यामुळे महिन्याच्या आत रविवार एकआड एक सम येतो. महिना बदलताना कधी सलग दोन विषम येतात, पण रविवार कायमचा कुणाच्याच हातून जात नाही. दोन पाळ्यांची आलटापालट आम्ही गिरण्यांत मागतो ती याचसाठी. हा नियम कुणी इतका विचार करून केला की सहज सुचला, कोण जाणे!

आणि विषम तारखेच्या रविवारीही सायकलस्वाराला अगदी घरी बसावे लागत नाही. टनेल क्रीकच्या दक्षिणेला सरोवरापासून सुमारे 1500 फूट उंचीवर, कड्याच्या अंगाने जाणारी फ्लूम ट्रेल नावाची वाट आहे; तिथे तारखेचे बंधन नाही. फ्लूम म्हणजे पाणी नेणारी लाकडी पन्हळ. 1870 नंतरच्या दशकात व्हर्जिनिया सिटी या चांदीच्या खाणींच्या गावाला पाणी नेण्यासाठी या डोंगरांत अशा पन्हळी बांधल्या. खाली खाणकामगारांनी संघटना करून रोजाचे चार डॉलर टिकवून धरले होते. आता तिथे पन्हळ नाही. ती ज्या सपाटीवर बसवली होती ती सपाटी राहिली आहे, तिच्यावरून सायकली जातात.