आखातातील तेल आणि कोकणातील माणसे

1959 मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने केवळ आखाती प्रदेशासाठी वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या, त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर असे. कारण कुवेत, बहरीन, कतार येथील व्यवहार तोवर रुपयातच चालत. 1961 मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार सुरू केला आणि तेलाचे उत्पन्न जसजसे वाढत गेले तसतशी तेथे अशी राज्यव्यवस्था दृढ झाली की, जी रयतेकडून प्राप्तिकर घेत नाही, उलट नोकरी, घर, शिक्षण व औषधोपचार यांची तजवीज सरकारी खजिन्यातून करते, आणि 1976 च्या कायद्यान्वये भावी पिढ्यांसाठी स्वतंत्र निधीही राखते. ज्या बहरीनमध्ये 1932 सालीच तेल लागले, परंतु साठा तुटपुंजा आणि शिया बहुसंख्यांच्या वाट्याला अधिकारपदे थोडी, तेथे फेब्रुवारी 2011 मध्ये जनता रस्त्यावर उतरली. संपन्न कतार मात्र शांत राहिला.

तेलाचा पैसा आणि रयतेचे समाधान यांच्या या हिशेबात कोकणातील दापोली, खेड, श्रीवर्धन, म्हसळा येथून आखातात कामासाठी गेलेला माणूस कोठेच नाही, हे मला फार खटकते. त्याचा वास्तव्य-परवाना कफिलाच्या, म्हणजे जामीनदार मालकाच्या, मर्जीवर अवलंबून. तिकडे आयुष्य वेचूनही नागरिकत्वाचा हक्क त्याला जवळजवळ नाहीच. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत व्यापले, तेव्हा वर्षानुवर्षांची कमाई मागे टाकून असंख्य भारतीय वाळवंट ओलांडून अम्मानला पोहोचले, आणि एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक लोकांना मुंबईस आणले. त्यांतील पुष्कळजण युद्ध संपताच त्याच कफिलाच्या दारी परत गेले.