‘राइट ऑफ’ म्हणजे माफी नव्हे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत बचत गटांच्या बैठका घेताना आम्हाला आलेला एक अनुभव आज सांगतो.

धानाची कापणी आटोपली होती. बैठकीत एका ताईने हप्ता आणला नव्हता. विचारलं तर म्हणाली, “टीव्हीवर सांगितलं ना, बँकांनी कर्ज राइट ऑफ केलं. मग भरायचं कशाला?” बाजूच्या दोघींनीही आणला नव्हता.

ताईचा अंदाज का चुकला? मोबाइल स्विच ऑफ म्हणजे बंद, लाइट ऑफ म्हणजे बंद. मग राइट ऑफ म्हणजे कर्जही बंद, असं तिला वाटलं. त्यात ‘वेव्ह ऑफ’ हा शब्दही कानाला तसाच लागतो. पण वेव्ह ऑफ म्हणजे माफ करणे, आणि राइट ऑफ वेगळंच.

आपल्या मराठीतही असं आहेच. हात देणे म्हणजे मदत करणे, हात टेकणे म्हणजे हार मानणे. हात तोच, अर्थ निराळा. गोंडी, माडिया बोलणाऱ्या आपल्या बहिणींनी हे मराठी शिकून घेतलंच ना? म्हणून न कळण्यात लाज नाही. न विचारण्यात मात्र नुकसान आहे.

आता नीट ऐका. गावातला दुकानदार जुनी, थकलेली उधारी चालू वहीतून काढून दुसऱ्या वहीत लिहितो. उधारी फिटली का? नाही. तो मागायला येतोच. बँकेचं राइट ऑफ तसंच. ते बँकेच्या हिशेबापुरतं असतं. कर्जदाराचं देणं कायम राहतं आणि बँक वसुली करू शकते.

कर्जमाफी वेगळी. २००८ मध्ये केंद्र सरकारने आणि २०१७ मध्ये आपल्या राज्य सरकारने शेतकऱ्यांसाठी ती जाहीर केली. तेव्हा कोण पात्र, कोणतं कर्ज, हे सरकारी आदेशात लिहिलेलं होतं. असा आदेश नसेल तर माफी नाही.

एकीचा हप्ता थांबला की भार साऱ्या गटावर येतो, व्याज वाढतं, पुढचं कर्ज अडतं. म्हणून तीन गोष्टी करा. बातमीतला इंग्रजी शब्द कळला नाही तर हप्ता थांबवण्याआधी बँकेत विचारा. कर्ज फिटलं की ‘नो ड्यूज’ दाखला मागून घ्या. आणि आपल्या नावाचा क्रेडिट अहवाल पाहा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्यात ‘क्लोज्ड’ म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं. ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोडीने कमी भरलं. ‘रिटन ऑफ’ असेल तर देणं थकलेलं आहे. शेवटचे दोन शेरे पुढचं कर्ज मिळताना आडवे येतात.

त्या तिघींनी पुढच्या दोन बैठकांत थकलेले हप्ते भरले. आता त्या ताईच बैठकीत सगळ्यांच्या आधी विचारतात, “या शब्दाचा अर्थ काय?” तुम्हीही विचारा, बहिणींनो.