गिरगावचे मॅजेस्टिक



या व्यासपीठावर आपण भारदस्त विषय ऐकता. मी मात्र एका पाडलेल्या सिनेमागृहाविषयी बोलणार आहे. गडबात बसून गिरगावचे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपल्या खारेपाटातल्या कितीतरी घरांतला एखादा माणूस मुंबईत नोकरीला असे. त्याच्या खोलीवर चार दिवस राहायचे आणि एक सिनेमा पाहून परतायचे, हा आमचा शिरस्ता. माझे काका गिरगावात, म्हणून माझ्या वाट्याला मॅजेस्टिक आले.

१४ मार्च १९३१ रोजी आर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’, म्हणजे हिंदुस्थानातला पहिला बोलपट, तेथेच लागला. स्टुडिओ रेल्वेलगत होता. गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात शिरू नये म्हणून त्याचे चित्रण रात्री, गाड्या थांबल्यावर होई. खेळाला अशी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले!

काकांनी तो पाहिला होता. गोष्ट काय, हे त्यांना धड सांगता येत नसे. त्यांना आठवे ते निराळेच. मूकपटाला सारे थिएटर बोलत असे; पडद्यावरची अक्षरे ज्याला वाचता येत तो मोठ्याने वाचून दाखवी, पोरे ओरडत. त्या दिवशी लोक एकमेकांना ‘गप्प बसा’ म्हणून दटावू लागले. काका हसून म्हणत, “पडदा बोलायला लागला नि आमची तोंडं बंद झाली!” बोलपटाच्या इतिहासात हे वाक्य मला कुठे सापडले नाही.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज हाती नाही. पुण्याच्या फिल्म संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी पुष्कळ शोध घेतला, पण व्यर्थ. चित्रपट गेला, आणि पुढे मॅजेस्टिकही पाडले. तेथे आता मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. नाव तेवढे उरले. आणि त्या सिनेमागृहाच्या आसऱ्याने सुरू झालेल्या कोठावळ्यांच्या पुस्तकांच्या दुकानानेही तेच नाव घेतले, ही मला त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट वाटते. बोलपटाने गप्प केलेल्यांना निदान वाचायला तरी मिळाले!

आपल्यापैकी कुणाच्या आजोबा-आजींनी मॅजेस्टिकची काही आठवण सांगितली असेल, तर सभा संपल्यावर थोडे थांबावे. मी वही बरोबर आणली आहे.