युद्धांतील राष्ट्र आणि चौकशीचें स्वातंत्र्य

युक्रेनमधील खार्किव्ह, ल्विव्ह, ओडेसा हीं नांवें महाराष्ट्रांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत २०२२ च्या आधींच परिचयाचीं झालीं होतीं. वैद्यकीच्या शिक्षणासाठीं इकडचीं मुलें तिकडे जात असत, आणि त्या वर्षीं २४ फेब्रुवारीस रशियानें स्वारी केली तेव्हां त्यांना सुखरूप परत आणण्याची काळजी अनेक आईबापांनीं भोगली. तेव्हांपासून त्या देशाचें नांव निघालें कीं तोफा आणि विमानें हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु २०२५ च्या जुलै महिन्यांत त्या शहरांच्या रस्त्यांवर जो प्रकार घडला त्यांत तोफांचा संबंध नव्हता. जुनीं खोकीं फाडून केलेले पुठ्ठ्याचे फलक हातांत घेऊन लोक बाहेर पडले होते, आणि त्यांचा रोष शत्रूवर नसून आपल्याच सरकारावर होता.

अन्न द्या, कर कमी करा, अशी त्यांची मागणी नव्हती. दोन सरकारी कचेऱ्यांना हात लावूं नका, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. कचेरीचें नांव काढतांच सामान्य माणसाच्या कपाळाला आंठी पडते. येथें तर कचेऱ्यांच्या रक्षणासाठीं हजारों माणसें रात्रीं उभीं राहिलीं. यामागील कारण समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

१९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला आणि युक्रेन स्वतंत्र झाला. पण स्वातंत्र्याबरोबर देशांतील कारखाने, खाणी आणि व्यापार थोड्या धनाढ्यांच्या मुठींत गेले, आणि त्यांच्या पैशांवर राजकारण चालूं लागलें. २०१४ च्या फेब्रुवारींत लोकांच्या उठावापुढें अध्यक्ष यानुकोविच पळून गेले, तेव्हां कीव्ह शहराबाहेरील त्यांचा वाडा लोकांनीं प्रथमच आंतून पाहिला. वाड्याभोंवतीं विस्तीर्ण बाग होती, खासगी प्राणिसंग्रह होता, त्यांत शहामृग होते. पळतांना वाड्यांतील माणसांनीं हिशेबाचे कागद जवळच्या पाण्यांत फेकून दिले होते. पाणबुडे लावून ते बाहेर काढण्यांत आले आणि पत्रकारांनीं एकेक पान वाळवून वाचलें! ज्या प्रजेनें आपल्या राज्यकर्त्याचा जमाखर्च असा ओला हातीं घेतला, तिला चौकशीचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं.

त्या उठावांतूनच या दोन संस्था जन्मास आल्या. पहिली, राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी विभाग. तिचें संक्षिप्त नांव ‘नॅबू’. दुसरी, खास सरकारी वकिलांची कचेरी, ‘सापो’. २०१५ पासून त्या कामास लागल्या. मंत्री, विधिमंडळाचे सभासद, न्यायाधीश अशा मोठ्या माणसांवरील आरोपांचा तपास पहिलीनें करावा, आणि त्या तपासावर देखरेख ठेवून खटला दुसरीनें चालवावा, अशी वांटणी होती. पुढें २०१९ सालीं अशा खटल्यांसाठीं स्वतंत्र न्यायालयहि सुरू झालें. त्याचे न्यायाधीश निवडतांना परदेशी तज्ज्ञांचें मत घेण्यांत आलें, कारण देशांतील जुन्या न्यायालयांवर लोकांचा विश्वास उरला नव्हता. कुंपणानेंच शेत खावें, हा अनुभव त्यांना नवा नव्हता. या व्यवस्थेचा धाक किती होता तो एका उदाहरणावरून दिसेल : २०२३ च्या मे महिन्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षालाच लांचेच्या आरोपावरून अटक झाली.

आतां अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याविषयीं. राजकारणांत येण्यापूर्वीं हे गृहस्थ विनोदी नट होते, आणि त्यांची गाजलेली भूमिका शाळेंतील इतिहासशिक्षकाची होती. तो शिक्षक लांचखाऊ पुढाऱ्यांवर संतापून बोलतो, तें बोलणें सर्व देशभर पसरतें, आणि लोक त्यालाच अध्यक्ष निवडतात, अशी ती कथा. २०१९ च्या निवडणुकींत कथा खरी ठरली आणि शेंकडा ७३ मतें मिळवून नट अध्यक्ष झाला. युद्ध सुरू झाल्यावर राजधानी सोडून न जाण्यांत त्यांनीं दाखविलेलें धैर्य तर जगानें पाहिलें. म्हणून पुढें जें घडलें तें अधिकच खटकलें.

२०२५ च्या जूनमध्यें नॅबूनें एका उपपंतप्रधानावर जमिनीच्या व्यवहारांतील गैरप्रकाराबद्दल आरोप ठेवला. हा गृहस्थ अध्यक्षांच्या निकटचा मानला जात असे. २१ जुलै रोजीं सरकारच्या गुप्तचर खात्यानें नॅबूच्याच नोकरांच्या घरांवर झडत्या घातल्या. त्यांच्यांत रशियाचे हस्तक शिरले आहेत असें कारण सांगण्यांत आलें. दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे २२ जुलैस, विधिमंडळापुढें एक विधेयक आलें. मूळ विधेयक युद्धांत बेपत्ता झालेल्या माणसांच्या तपासाविषयीं होतें. त्यांत ऐन वेळीं कलमें घुसडण्यांत आलीं, आणि त्या कलमांनीं दोन्ही संस्था मुख्य सरकारी वकिलाच्या हाताखालीं गेल्या. कोणता तपास कोणाकडे द्यावा, कोणता काढून घ्यावा, हें तो ठरविणार. आणि त्याची नेमणूक अध्यक्षांच्या शिफारशीनें होणार! २६३ मतांनीं विधेयक संमत झालें आणि त्याच रात्रीं अध्यक्षांची सही झाली.

हस्तकांचा संशय अगदींच पोकळ होता असें म्हणवत नाहीं. युद्धांत कोणत्याहि कचेरींत शत्रूचा माणूस सांपडूं शकतो. परंतु पेढीवरील एका कारकुनाबद्दल संशय आला, म्हणून तिजोरीच्या किल्ल्या ज्याचे हिशेब तपासले जात आहेत त्याच्याच मुनिमाकडे देणें, हा त्यावर उपाय नव्हे.

सही होण्याच्या आधींच, त्या संध्याकाळीं कीव्हमध्यें अध्यक्षांच्या कचेरीनजीक, इव्हान फ्रांको नाट्यगृहाजवळच्या चौकांत माणसें जमूं लागलीं. ल्विव्ह, द्नीप्रो, ओडेसा येथेंहि तेंच झालें, आणि पुढच्या दिवसांत इतर शहरांनीं त्यांत भर टाकली. लष्करी कायद्यान्वयें सभांना बंदी होती. मध्यरात्रीपासून संचारबंदी असे, म्हणून लोक त्यापूर्वीं घरीं परतत आणि दुसऱ्या संध्याकाळीं पुन्हां येत. जमावांत बहुसंख्य तरुण मुलेंमुली होतीं. २०१४ च्या उठावाच्या वेळीं त्यांतलीं कित्येक प्राथमिक शाळेंत असतील. युद्धांत जायबंदी झालेले सैनिकहि त्यांच्या शेजारीं उभे होते, आणि आघाडीवर ज्यांची माणसें लढत होतीं अशीं कुटुंबेंहि होतीं. स्वारी सुरू झाल्यापासून सरकारविरुद्ध एवढी मोठी निदर्शनें झालीं नव्हतीं. तरी पोलिसांशीं मारामारी झाली नाहीं, आणि अध्यक्षांनीं राजीनामा द्यावा हा त्या मेळाव्यांचा मुख्य आग्रहहि नव्हता. नवा कायदा मागें घ्या, एवढ्यावरच लोकांनीं आपलें बोलणें आंवरून धरलें. राज्य उलथून पाडलें तर त्याचा फायदा रशियाला होईल, आणि गप्प बसलें तर ज्यासाठीं लढावयाचें तेंच हातचें जाईल, या दुहेरी पेंचांतून त्यांनीं ही अरुंद वाट काढली होती.

युरोपीय संघानेंहि सरकाराकडे खुलासा मागितला. युक्रेनला त्या संघांत प्रवेश हवा आहे, आणि युद्धाच्या खर्चाचा मोठा भार पाश्चात्त्य राष्ट्रांच्या मदतीवर आहे. तेव्हां अध्यक्षांनीं माघार घेतली ती लोकांच्या आवाजामुळें कीं परक्यांच्या पैशामुळें, असा वाद घालणारे आहेत. दोन्ही कारणें असतील. पण पहिल्या रात्रीं चौक ओस राहिला असता तर परक्यांनीं तरी कितपत नेट धरला असता?

दोन दिवसांतच अध्यक्षांनीं दुरुस्तीचें नवें विधेयक पाठविलें. ३१ जुलै रोजीं तें मतास आलें. त्याच पहांटे कीव्हवर रशियाचा भयंकर हवाई हल्ला झाला होता आणि तीसाहून अधिक माणसें मरण पावलीं. राजधानींत ढिगारे उपसले जात असतां विधिमंडळानें दोन्ही संस्थांचें स्वातंत्र्य परत दिलें : बाजूनें ३३१, विरुद्ध एकहि नाहीं. नऊ दिवसांपूर्वीं ज्या सभासदांनीं उलट मत दिलें होतें त्यांतलेच बहुतेक हे होते, ही गोष्ट तेथील पत्रांनीं सोडली नाहीं.

नोव्हेंबरमध्यें या प्रकरणाला पुढचा भाग जोडला गेला. १० तारखेस नॅबूनें अणुशक्तीपासून वीज तयार करणाऱ्या सरकारी कंपनीच्या कारभाराचा तपास जाहीर केला. कंत्राटदारांकडून शेंकडा १० ते १५ प्रमाणें दस्तुरी उकळली जात होती आणि सुमारें १० कोटि डॉलर फिरविण्यांत आले, असा आरोप होता. ज्याच्याकडे मुख्य सूत्रधार म्हणून बोट दाखविण्यांत आलें तो अध्यक्षांच्या नाटकमंडळींतील जुना भागीदार. झडतीपूर्वीं कांहीं तास तो देश सोडून गेला. विजेवांचून लोक अंधारांत बसत असतांना हें बाहेर आलें, आणि १९ तारखेस विधिमंडळानें दोन मंत्र्यांना काढून टाकलें. २८ नोव्हेंबरला अध्यक्षांच्या कचेरीचे प्रमुख येरमाक यांच्या घरीं झडती झाली. त्याच दिवशीं त्यांनीं अधिकार सोडला.

या तपासाला १५ महिने लागले, आणि सुमारें १००० तासांचीं संभाषणें मुद्रित करण्यांत आलीं, असें नॅबूनें सांगितलें. म्हणजे जुलैंत पुठ्ठ्याचे फलक घेऊन तीं मुलें नाट्यगृहासमोर उभीं होतीं, तेव्हां हें काम अर्ध्याहून अधिक झालें होतें, आणि ज्या अधिकाऱ्यांच्या मेजावर तें होतें त्यांच्याशिवाय चौकांतील कोणालाहि त्याची वार्ता नव्हती.