दोष कोणाचा? सांगणाऱ्याची व ऐकणाऱ्याची जबाबदारी

(आमली येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



स्त्रीवर अत्याचार झाल्याची वार्ता येताच पहिले प्रश्न बहुधा तिच्याविषयीच विचारले जातात. ती तेथे कशाला गेली होती? रात्री घराबाहेर का होती? ओरडली का नाही? अशाने गुन्हेगार बाजूला राहतो आणि जिच्यावर अन्याय झाला तीच पिंजऱ्यात उभी राहते. न्यायालयातही हेच घडू शकते, हे महाराष्ट्रातील एका खटल्याने दाखवून दिले.

२६ मार्च १९७२ रोजी रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर व आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला भावाच्या तक्रारीच्या चौकशीसाठी आणण्यात आले. वैद्यकीय अंदाजाने तिचे वय १४ ते १६ होते. नातलगांना बाहेर पाठवून तिला आत थांबविण्यात आले व दोन पोलिसांनी अत्याचार केला, अशी तिची तक्रार होती. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून दोघांना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भयापोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे मानून शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या व आरडाओरडा झाला नाही, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. पोलीस ठाण्यातच, पोलिसांविरुद्ध, त्या मुलीने हाक तरी कोणाला मारावयाची होती?

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर ते खरे धरावे, असे ठरले. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हाही गुन्हा ठरला. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याची मुभा देणारे साक्षीपुराव्याच्या कायद्यातील कलम २००२ च्या दुरुस्तीने गेले.

तरीही त्या खटल्याला लोक मुलीच्याच नावाने ओळखतात. वास्तविक न्यायालयीन शीर्षकात नाव आहे ते आरोपीचे. म्हणूनच येथे तिचे नाव घेतलेले नाही.

आज गुन्ह्यांच्या सत्यकथा मालिकांतून व भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून घरोघरी येतात. गुन्हा कसा घडला व तपासात काय चुकले, हे सांगणे लोकहिताचे आहे. परंतु तिचा पोशाख, तिची मैत्री, तिचे प्रेमप्रकरण रंगवून सांगणे म्हणजे तो जुना निकाल पुन्हा वाचून दाखविणे होय.

दादरा व नगर हवेली मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारक्षेत्रात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. नाव गाळले म्हणजे काम भागले, असे नव्हे. लहान वस्तीत पाडा, शाळा किंवा बापाचा धंदा सांगितला तरी ओळख पटते. शिक्षकांनी हे वर्गात समजावून द्यावे. अधिकाऱ्यांनी तक्रार घेताना स्त्रीच्या चारित्र्याची चौकशी करू नये. ग्रामस्थांनी अशी चित्रफीत पुढे पाठवू नये.

चावडीवर पुन्हा अशी वार्ता आली, तर पहिला प्रश्न बदलावा. ती तेथे का होती, हे न विचारता त्याने असे का केले, हे विचारावे.